पाखरांची हजेरी

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या बायका. या कार्यक्रमात आपण नेहमी कर्ज, हप्ते, शेळ्या, शिलाई, मसाले यांवर बोलतो. आज आम्ही पाखरांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. चुलीवर भाजी असेल तर आच जरा कमी करा आणि दहा-पंधरा मिनिटं ऐका. बोलता बोलता विषय ग्रामसभेपर्यंत जाणार आहे.

आपल्या भागातल्या बहुतेक बायकांची पाखरांशी ओळख गोफणीतून होते. ज्वारी निसवते, दाण्यात दूध भरतं आणि भोरड्यांचे थवे उतरू लागतात. मग मचाणावर उभं राहायचं, पत्र्याचा डबा बडवायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचं. लहानपणी सुगीच्या दिवसांत हेच काम आपल्या वाट्याला असायचं. पाखरू दिसलं की हाकलायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं. पण राखण करणाऱ्या पोरीला पाखराचं जेवढं कळतं तेवढं घरात बसलेल्याला कळत नाही. थवा कोणत्या बाजूने येतो, आधी कुठल्या बाभळीवर बसतो, दुपारी किती वेळ गप्प असतो, हे तिला पाठ असतं. म्हणजे पाखरं बघायचं अर्धं शिक्षण आपलं झालेलंच आहे. उरलेलं अर्धं आम्ही मुंबईत शिकलो.

गेल्या हिवाळ्यात महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठी आम्ही चौघी जणी ज्वारीचे पापड, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन मुंबईला गेलो होतो. प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. गिऱ्हाईक उशिरा येतं, त्यामुळे सकाळचे दोन-अडीच तास मोकळे. आमच्यातल्या एकीची भाची धारावीत राहते. ती म्हणाली, "मावशी, मिठी नदीच्या काठाला एक जंगल आहे, चला दाखवते." मुंबईत आणि धारावीला लागून जंगल? आम्हाला खरं वाटेना. पण गेलो.

त्या जागेचं नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. साधारण ३७ एकरांचं. आज तिथे गर्द झाडी आहे, पावसाचं पाणी साठवलेलं तळं आहे, नदीच्या बाजूला तिवरांची दाट रांग आहे. पण मैत्रिणींनो, ही जागा मुळात कचरा टाकायची होती. शहराची घाण जिथे येऊन पडायची, त्या कचऱ्यावर माती घालून तिथे झाडं वाढवली. १९८३ साली डॉ. सालिम अली यांच्या हातून तिथे पहिलं रोप लागलं आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. सालिम अली म्हणजे आपल्या देशातले पाखरांचे सगळ्यात मोठे जाणकार. १८९६ साली मुंबईतच जन्मलेले. पाखरांचा अभ्यास करत त्यांनी उभा देश पालथा घातला.

आम्ही तिथे एकूण चार सकाळी गेलो. पहिल्या दिवशी आम्हाला कावळे आणि घारीच दिसल्या. आम्ही बोलत, हसत, भराभरा चालत होतो. दुसऱ्या दिवशी भाचीने आम्हाला तळ्याजवळ एका जागी बसवलं आणि पंधरा मिनिटं गप्प राहायला सांगितलं. एवढा वेळ काम न करता, न बोलता बसायची आपल्याला सवय नसते. हात शिवशिवतात. पण हळूहळू एकेक पाखरू बाहेर यायला लागलं. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या होता. काठाशी वंचक, म्हणजे मातकट रंगाचा तो छोटा बगळा, इतका गप्प उभा की तो आधीपासून तिथेच होता हे आम्हाला नंतर कळलं. वरच्या झाडातून तांबटाचा टुक-टुक-टुक असा ठोका चाललेला. झुडपात शिंपी, दयाळ, बुलबुल. आणि मग पिवळाजर्द हळद्या एका झाडातून दुसऱ्या झाडात गेला. आमच्यातल्या अक्का पटकन म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या ओढ्यावर येतो!" मुंबईला येऊन आम्ही आमच्याच गावचं पाखरू पाहिलं.

आता प्रश्न पडतो, थंडीतच एवढी पाखरं कुठून येतात? मुंबईची थंडी ती काय. पहाटे एक चादर पुरते, दुपारी पुन्हा घाम. आपल्याकडे शेकोटी पेटते, पण बर्फ काही पडत नाही. हीच गोष्ट पाखरांच्या सोयीची आहे. हिमालयात, मध्य आशियात, सैबेरियात हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते, पाणी गोठतं, किडे-अळ्या दिसेनाशा होतात. पिसांमुळे पाखराला थंडी थोडीफार सोसते, उपास सोसत नाही. म्हणून ती पोटासाठी दक्षिणेला येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पितृपक्ष-दसऱ्याच्या आगेमागे ती येऊ लागतात आणि होळी-पाडव्याच्या सुमाराला परत निघतात. शेपटी सारखी वरखाली हलवत पाण्याकाठी पळणारा परीट असाच पाहुणा आहे. आपल्या भोरड्याही पाहुण्याच. त्यांची घरटी तिकडे मध्य आशियात असतात. उजनीच्या पाण्यावर येणारा पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो.

सालिम अलींनी लिहून ठेवलेली एक हकिकत भाचीने आम्हाला सांगितली. मुंबईतल्या एका लहानशा हिरवळीवर येणाऱ्या करड्या परिटाच्या पायात खुणेचं कडं घातलं होतं. तेच पाखरू पुढची काही वर्षं दर हिवाळ्यात हिमालयाकडून निदान दोन हजार किलोमीटर उडून त्याच हिरवळीवर येत राहिलं. एवढ्या मोठ्या मुंबईत नेमकी तीच जागा! बघा, लेक माहेरी येते ती काय कुठल्याही घरी जात नाही, आपल्याच दारात येते. तशी यांची जागा ठरलेली असते. ती जागाच गेली तर पाखराने कुठे उतरायचं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. जिथे झाडलेल्या वाटा, कापलेलं गवत, कुंड्या, तिथे पाखरं थोडी. जिथे पाला कुजतोय, वेली झाडांवर चढल्यात, वाळलेलं खोड तसंच उभं आहे, तिथे गर्दी. कारण साधं आहे. कुजलेल्या पाल्यात किडे होतात, वाळलेल्या खोडात ढोली मिळते, काटेरी झुडपात शिकऱ्यापासून लपता येतं. आपण ज्याला अडचण म्हणतो ते पाखराचं स्वयंपाकघर आणि माजघर असतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पाखरं बघायची कशी ते सांगतो. दुर्बीण असली तर छान, नसली तरी अडत नाही. ऊन चढायच्या आधी बघा. नाहीतर दिवस कलल्यावर, तासभर उजेड असताना. भडक कपडे नकोत. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे रंग नीट दिसतात. एका जागी बसा आणि आधी कान वापरा, कारण पाखरू दिसण्याआधी ऐकू येतं. ओळखायला चार माप ठेवा: चिमणी, साळुंकी, कावळा, घार. नवीन पाखरू यातल्या कुणाएवढं आहे ते ठरवा. मग चोच बघा. दाणे खाणाऱ्याची चोच जाड आणि आखूड, फुलातला रस पिणाऱ्या शिंजिराची बारीक आणि वाकडी. मग ते काय करतंय ते बघा. जमिनीवर टुणटुण चालतंय, खोडावर चढतंय की तारेवर बसून एकदम झेप घेऊन परत तिथेच येतंय? तारेवरून झेप घेणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी दिसला तर तो कोतवाल. एवढ्यावर निम्मी पाखरं ओळखता येतात. नाव कळलं नाही तर आपल्या आजीने जे नाव ठेवलं असेल ते लिहा. गावातलं नाव हे खरंच नाव असतं. एकच नियम पाळा: घरट्याजवळ जायचं नाही आणि मोबाइलवर फोटो काढण्यासाठी पिल्लांना त्रास द्यायचा नाही.

काही जणी विचारतील, यातून आपल्याला काय मिळणार? शेतकरी बाईला हे विचारायचा हक्कच आहे. हरभऱ्यावर घाटे अळी पडते तेव्हा शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे काठीचे पक्षीथांबे लावा, असं कृषी खातं सांगतं. हरभरा पेरताना त्यात मूठभर ज्वारी मिसळली, तर तिची उंच ताटं आपोआप थांब्याचं काम करतात. त्यांवर कोतवाल, साळुंक्या बसतात आणि खाली उतरून अळ्या उचलतात. पडक्या वाड्यात, विहिरीच्या कपारीत राहणारं गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. कडब्याची गंज आणि धान्याची कणगी ज्यांची आहे त्यांनी त्याला अशुभ म्हणून दगड मारायचा, हे काही पटत नाही. टिटवीचंही तसंच. रात्री टिटवी ओरडली की कुणाचं तरी वाईट होणार म्हणतात. टिटवी उघड्या जमिनीवर, ढेकळांतच अंडी घालते. कुत्रं, मुंगूस किंवा माणूस जवळ आलं की ती जिवाच्या आकांताने ओरडते. ती कुणाचं मरण सांगत नसते, पोरं वाचवत असते. आई आहे ती.

भोरड्या ज्वारी खातात, हे आम्ही नाकारत नाही. राखण करावीच लागते. पण त्याच भोरड्या टोळ-नाकतोडेही फस्त करतात आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलली की या फुलावरून त्या फुलावर पराग नेतात. पाखरू सगळं आपल्या फायद्याचंच करील असं नाही. शेजारीण तरी कुठे सगळं आपल्या मनासारखं करते?

मुंबईहून परत आल्यावर आम्ही गटाच्या हिशोबाच्या वहीसारखी एक वही घातली. दर रविवारी सकाळी दोघी जणी ओढ्यावर जातात आणि अर्धा तास बसतात. तारीख, वेळ, जागा, कोणतं पाखरू, अंदाजे किती, काय करत होतं, एवढंच लिहितात. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, दुसरी लिहिते, आणि खरं सांगायचं तर ओळखण्यात त्याच पुढे आहेत. शाळेत जाणाऱ्या मुली मोबाइलवर चित्र पडताळून देतात. आम्ही तिला पाखरांची हजेरी म्हणतो. वर्ष झालं, वहीत चाळीसच्या वर नावं झाली आहेत. सुरुवातीला पारावरून टोमणे आले, "बायांना कामं राहिली नाहीत वाटतं." पुरुष माणूस पारावर तासभर बसला तर त्याला कुणी रिकामा म्हणत नाही. बाई अर्धा तास झाडाखाली बसली की गाव विचारतं. मैत्रिणींनो, आठवड्यातला तो अर्धा तास आमचा स्वतःचा झाला, ही कमाई आम्ही वहीत लिहिलेली नाही, पण ती आहे.

आता या वहीचं खरं काम पुढे आलं आहे. आमच्या ओढ्याच्या काठाला बोरी, बाभळी, करंज, शिंदीची झाडं आणि काटेरी झुडपांची दाट पट्टी आहे. हळद्या तिथेच येतो, परीट तिथेच उतरतो, सुगरणीची घरटी तिथल्याच बाभळींना लटकतात. आमच्या शेळ्यांचा पाला, चुलीचं सरपण आणि पोरांची बोरंही तिथलीच. हा काठ साफ करून तिथे पेव्हर ब्लॉक, बाकं आणि शोभेची झाडं लावायची, असं गावात ठरतंय. आमचं भांडण कुणाशी नाही. बाकं आम्हालाही हवीत, म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसायला जागा हवीच. आमचं म्हणणं एवढंच, की रस्त्याकडच्या काठाला काय करायचं ते करा, पलीकडचा काठ आहे तसा राहू द्या. त्याला हात लावू नका. मुंबईत कचऱ्यावर माती टाकून, वर्षानुवर्षं खपून जे उभं करावं लागलं, ते आपल्याकडे आयतं आहे. ते तोडायला जेसीबीला एक दिवस पुरेल.

आपल्या जिल्ह्याने असं नुकसान आधी पाहिलं आहे. सोलापूरच्या माळांवर माळढोक असायचा. मोराएवढा उंच, डौलात चालणारा. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झालं. आमच्या सासवांनी माळढोक गवतातून चालताना पाहिला आहे. आज एखादा दिसला तर त्याची बातमी होते. आमच्या मुली तो फलकावरच्या चित्रात बघतात.

म्हणून कायद्याची गोष्ट नीट ऐका. २००२ साली देशात जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. या समितीने गावातली झाडं, पिकं, जनावरं, पाखरं आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती यांची नोंद करायची असते. तिला लोक जैवविविधता नोंदवही म्हणतात. आपल्या गावची समिती कोणती, तिच्यात बायका कोण, नोंदवही कुठे आहे, हे ग्रामसेवकांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही आमची वही घेऊन जाणार आहोत. ओढ्याच्या पाखरांची नावं गावच्या नोंदवहीत चढवावीत आणि पलीकडचा काठ राखावा, असे दोन ठराव मांडणार आहोत. काय होतं ते माहीत नाही. पण "ओढ्यावर आहेच काय?" असं कुणी विचारलं, तर आमच्याकडे तारीखवार उत्तर आहे.

बायकांनी हे केल्याचं उदाहरण आसामात आहे. तिथे हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. दिसायला ओबडधोबड, घाण खाणारा, म्हणून लोक त्याला अशुभ मानायचे आणि त्याच्या घरट्यांची झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक बाईंनी गावोगावच्या बायकांना एकत्र केलं. त्या बायका स्वतःला हरगिला सेना म्हणवतात. त्यांनी मागावर गमछे आणि मेखला-चादरींवर हरगिला विणला, घरट्यांची झाडं राखली, एवढंच नव्हे तर गरोदर बाईचं डोहाळजेवण करावं तसे हरगिलाचे सोहळे केले. या कामासाठी पूर्णिमाताईंना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. सुरुवात कशातून झाली? आपल्या दारातलं पाखरू कोण आहे, हे विचारण्यातून.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर दोन मुहूर्त सांगतो. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात शाळेतल्या गुरुजी-बाईंना सोबत घेऊन फेरी काढा. दुसरा मुहूर्त फेब्रुवारीच्या मध्यावर. त्या वेळी चार दिवस जगभरातले लोक आपापल्या परसातली, शेतातली, बागेतली पाखरं मोजतात. निदान पंधरा मिनिटं मोजायची आणि ई-बर्ड या मोफत अ‍ॅपवर नोंदवायची. मुंबईच्या बागेतली नोंद आणि आपल्या बांधावरची नोंद तिथे एकाच रांगेत बसते. अशा साध्या माणसांच्या नोंदींवरूनच २०२३ साली देशातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल तयार झाला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो निळ्या पंखांचा चास पक्षी कमी होत चाललाय, हे त्यातूनच कळलं.

तर या रविवारी एवढं करा. गटातल्या दोघी जणी निवडा, गावाजवळची एक जागा ठरवा. ओढा, तळं, देवराई, जुनं वडाचं झाड, काहीही चालेल. सकाळी अर्धा तास बसा, पाच पाखरांची नावं लिहा आणि खाली दोघींच्या सह्या किंवा अंगठे करा. पुढच्या रविवारी त्याच जागी परत जा. तुमच्या गावात भोरडीला, पिंगळ्याला, परिटाला काय म्हणतात ते पत्राने कळवा. ती नावं पुढच्या भाषणात आम्ही वाचून दाखवू. ग्रामसभेत काय झालं तेही तेव्हाच सांगू.

आज इथेच थांबतो. भाजीकडे बघा.